थांबण्याचे भांडवल

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



'विकसनशील देशांतील लहान उद्योगधंदे अस्थिर परिस्थितीत तग कसे धरतात' असा भारदस्त विषय चिटणीसबाईंनी मला दिला आहे. एखाद्या अर्थशास्त्राच्या वर्गाला तो शोभावा. पण समोर पाहते तर या विषयावर माझ्याहून अधिक अधिकाराने बोलू शकतील अशा कितीतरी जणी येथे बसलेल्या आहेत. कोणी डबे देते, कोणी साड्यांना फॉल-पिको करते, कोणाची शिकवणी आहे, कोणाच्या घरच्या भाजणीला दिवाळीच्या दोन महिने आधीपासून मागणी असते. अशोक स्तंभापासून आनंदवली-सोमेश्वरापर्यंत हा आपला गंगापूर रोड चालत गेले, तर मोठ्या पाट्यांच्या दुकानांच्या मागे, सोसायट्यांच्या तळमजल्यावर आणि स्वयंपाकघरांत, पाटी नसलेले असे शेकडो धंदे चाललेले आहेत. आज बोलायचे ते त्यांच्याविषयी.

प्रथम अस्थिरता म्हणजे काय ते पाहू. गोदाकाठच्या दुकानदारापाशी पुराचे एक मोजमाप आहे. ते म्हणजे आपला दुतोंड्या मारुती. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले की कमरेला, यावरून भांडी बाजारात आणि सराफ बाजारात माल वर चढवायचा की नाही ते ठरते. २००८ च्या सप्टेंबरात आणि २०१६ च्या ऑगस्टात नाशिककरांनी हे मोजमाप डोळ्यांत तेल घालून पाहिले. पाणी चढताना दिसते, म्हणून माणसाला हालचाल करता येते. बाजारभावाला, सरकारी हुकमाला आणि दूरदेशीच्या लढाईला मात्र असा मारुती नाही. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशेच्या आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या. चलनातल्या एकूण रकमेपैकी सुमारे ८६ टक्के रक्कम त्या दोन नोटांत होती. भाजीवालीच्या गल्ल्याला चार तासांचीही सूचना मिळाली नाही. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली, तेव्हा तर गिऱ्हाईकच घरात कोंडले गेले. आणि २०२२ साली काय झाले पाहा. फेब्रुवारीत रशिया-युक्रेनचे युद्ध पेटले आणि सूर्यफुलाच्या तेलाची वाट अडली, कारण आपण ते बहुतांशी त्या दोन देशांतूनच आणत होतो. त्यातून सावरतो तोच एप्रिलच्या अखेरीस इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात बंद केली. सुमारे तीन आठवड्यांनी ती पुन्हा सुरू झाली. चकली तळणाऱ्या बाईला इंडोनेशिया नकाशावर दाखवता येवो वा न येवो, तिच्या कढईतल्या तेलाचा भाव तेथल्या हुकमाने हलतो.

अशा वेळी मोठा कारखाना कर्ज काढतो, विमा उतरवतो, माल साठवतो, मंत्र्यांची भेट घेतो. लहान धंद्याजवळ यातले काहीच नसते. तरीही पुष्कळसे लहान धंदे टिकतात. ते कशाच्या जोरावर, हा खरा प्रश्न.

माझे उत्तर थोडक्यात सांगते आणि मग दाखले देते. लहान धंदा सहसा तोट्याने मरत नाही. तो मरतो तो ज्या दिवशी पैसे हातात हवेत त्या दिवशी ते हातात नसल्यामुळे. ज्याला थांबता येते तो तरतो. व्यापारी लोक ज्याला खेळते भांडवल म्हणतात, त्याला मी थांबण्याचे भांडवल म्हणते. येणे उशिरा आले तरी चूल पेटती ठेवणारे, भाव पडला असताना माल विकायला न लावणारे ते भांडवल. लहान धंदेवाला ते कोठून आणतो आणि त्याची किंमत शेवटी कोण भरतो, एवढेच मला आज मांडायचे आहे.

समजा, एक बाई रोज पंधरा डबे देते. डब्याला ऐंशी रुपये. महिन्याचे पंचवीस दिवस धरले, तर पंधरा गुणिले ऐंशी म्हणजे रोजचे बाराशे आणि महिन्याचे तीस हजार रुपये झाले. ऐकणाऱ्याला वाटते, बरे आहे की! आता धान्य, भाजी, तेल, गॅस मिळून डब्यामागे पन्नास रुपये खर्च धरा. म्हणजे महिन्याला अठरा हजार सातशे पन्नास गेले. उरले अकरा हजार दोनशे पन्नास. हा झाला वहीतला नफा. पण डब्याचे पैसे महिना भरल्यावर मिळतात आणि भाजीवाला रोज पैसे मागतो. म्हणजे पहिला रुपया येण्याआधी या बाईने पावणेएकोणीस हजार रुपये पदरचे घातलेले असतात. त्यात पंधरांपैकी पाच जण 'पुढच्या महिन्यात एकदम देतो' म्हणाले, तर दहा हजार रुपये अडकले. हातात राहिले साडेबाराशे. वहीत नफा आहे, धंदा चांगला आहे, चव नावाजलेली आहे, आणि पुढच्या महिन्याचा किराणा भरायला पैसे नाहीत. अशा वेळी एखादा आजार निघाला किंवा तेलाचा डबा महागला, तर डबे बंद. लोक म्हणतात, 'तिला धंदा जमला नाही.' धंदा तिला उत्तम जमला होता. पाच जणांना थांबवून धरण्याची तिची ताकद संपली होती.

हे काही नवे नाही. याचा मोठा आणि जुना दाखला मुंबईच्या गिरणगावातला आहे. गिरण्यांतले हजारो कामगार एकटे राहात; बायकामुले कोकणात नाही तर घाटावर. त्यांची जेवणे खानावळवाल्या बायका करीत. एवढ्याशा खोलीत दोन्ही वेळा माणसे जेवायला घालायची, आणि पैसे पगार झाल्यावर महिन्याने मिळायचे. तोपर्यंत वाण्याकडून धान्य उधार, आणि त्या उधारीवर जबर व्याज. म्हणजे गिरणीमालक कामगाराला महिनाभर थांबवी, कामगार खानावळवालीला थांबवी, आणि खानावळवालीला थांबवायला खाली कोणी उरत नसे; ती व्याज भरी. सत्तरच्या दशकातल्या संपाच्या दिवसांतही या बायकांनी कामगारांना उधारीवर जेवू घातले. संपाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी पुढाऱ्यांची भाषणे लिहून ठेवली. त्या वरणभाताचा हिशेब फारसा कोणी ठेवला नाही. तो ध्यानात घेतला प्रेमाताई पुरव यांनी. गोवा मुक्तिलढ्यात आणि कामगार चळवळीत वावरलेल्या या बाईंनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. पहिल्या गटात चौदा जणी होत्या. १९६९ मध्ये चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झालेले होते आणि लहान माणसाला कर्ज द्यावे असे सरकारचे धोरण होते. त्या धोरणाचा उपयोग करून या बायकांना एकमेकींच्या जामिनावर बँकेचे कर्ज मिळवून देण्यात आले. त्या कर्जाने स्वयंपाक बदलला नाही, गिऱ्हाईक बदलले नाही, डाळीला फोडणीसुद्धा तीच राहिली. बदलले एवढेच की वाण्याचे व्याज सुटले. महिनाभर थांबण्याची किंमत कमी झाली.

पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या कापडगिरण्यांतल्या सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरण्याच हळूहळू मिटत गेल्या. जेवणारेच गेल्यावर खानावळ कितीही थांबून काय करणार? अन्नपूर्णेने तेव्हा खाद्यपदार्थ पुरवण्याची कामे, मुलींचे प्रशिक्षण अशा दुसऱ्या वाटा धरल्या. थांबणे आणि वळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पैसे उशिरा येणार असतील तर थांबावे. येणारच नसतील तर वळावे. यातले कोणते आहे हे ओळखणे फार कठीण, आणि ते पुस्तकात वाचून येते असे मला वाटत नाही.

आता आपल्याच जिल्ह्यातला कांदा घ्या. कांद्याविषयी नाशिकच्या सभेत बोलणे म्हणजे काशीला जाऊन गंगेचे वर्णन करण्यासारखे आहे. तरी एक मुद्दा सांगते. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलात निघतो आणि चाळीत चार-सहा महिने राहतो. पावसाळ्यानंतरचा लाल कांदा पाणीदार. तो चाळीत टिकत नाही. ८ डिसेंबर २०२३ रोजी सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा बाजारात कोणता कांदा होता? लाल. लासलगावच्या बाजारात भाव कोसळले, आणि शेतकऱ्याला 'जरा थांबतो' असे म्हणण्याची सोय नव्हती, कारण त्याचा माल थांबत नव्हता. ४ मे २०२४ रोजी ही बंदी उठली. तोवर लाल कांदा केव्हाच विकला गेला होता. बंदी गिऱ्हाईकाच्या हिताची होती की नव्हती, या वादात मी आज पडत नाही. आपणही सगळ्या जणी कांदा विकत घेणाऱ्याच आहोत. मला दाखवायचे आहे ते एवढेच की, हुकूम सर्वांना एकच होता, पण ज्याच्याजवळ टिकणारा माल आणि त्यासाठी चाळ होती तो एका परीने सोसतो आणि ज्याच्याजवळ नव्हती तो दुसऱ्या परीने. चाळ हेही थांबण्याचे भांडवलच. फक्त ते लाकडाचे आणि बांबूचे असते.

उलट माल फार साठवूनही चालत नाही. २०१५ च्या कुंभमेळ्यात पहिल्या पर्वणीला बंदोबस्त इतका कडक ठेवला गेला की भाविक वाटेतच अडले, आणि चार पैसे मिळतील म्हणून ज्यांनी माल भरून ठेवला होता त्या लहान दुकानदारांना गिऱ्हाईकाची वाट पाहात बसावे लागले. ज्याने उसने पैसे काढून माल भरला त्याचे व्याज पर्वणीसाठी थांबले नाही.

तर हे भांडवल येते कोठून? पहिली जागा उधारीची. वाणी, घाऊक व्यापारी, दूधवाला यांच्याशी वर्षानुवर्षांचा व्यवहार असतो, त्यातून शब्दावर माल मिळतो. नोटाबंदीच्या दिवसांत पुष्कळ किरकोळ दुकाने केवळ या शब्दावर चालली. बँकेला कागद लागतात, वाण्याला तोंड ओळखीचे लागते. शिकलेली माणसे याला मागासलेपणा म्हणतात. मी म्हणत नाही, पण त्याची मर्यादा जाणते. संकट सर्वांवर एकदम आले, की ज्याच्याकडून उधार घ्यायचे तोही उधारच मागत असतो.

दुसरी जागा भिशीची. आपल्या मंडळातही भिशी आहे आणि तिच्यात चहा-फराळाचा भाग बराच असतो, हे मी जाणून आहे. पण पश्चिम आफ्रिकेतल्या बाजारातल्या बायका हाच व्यवहार 'सुसू' या नावाने करतात आणि केनियातल्या बायका 'चामा' म्हणून, हे ऐकून आपल्याला गंमत वाटेल. कोणी कोणाला शिकवले नाही. जेथे बँक दूर आणि पगार अनिश्चित, तेथे बायकांनी आपापल्या जागी तीच युक्ती काढली. दर महिन्याला थोडे थोडे टाकायचे आणि आपली पाळी आली की एकदम उचलायचे. धंद्याच्या दृष्टीने हिची खुबी अशी की रक्कम एकरकमी मिळते आणि घरातल्या दहा खर्चांना सापडत नाही. माझी एक सूचना मात्र आहे. ज्या धंदा करतात त्यांनी भिशीची पाळी चिठ्ठीने न घेता आपल्या हंगामाप्रमाणे मागून घ्यावी. दिवाळीचा फराळ करणारीला पाळी श्रावण-भाद्रपदात मिळाली तर उपयोग. पौषात मिळाली तर ती पंखा घेईल.

तिसरी जागा सोन्याची. यावर अधिक बोलण्याची गरज नाही. पाटल्या गहाण ठेवून किती दुकाने सावरली याची नोंद कोठल्याच खात्यात होत नाही. दुकान सावरले की नाव मात्र दुकानदाराचे होते.

परदेशांतले एक-दोन दाखले सांगते. झिंबाब्वे देशात महागाई अशी चढली की २००९ साली लोकांनी आपले चलनच टाकून दिले आणि अमेरिकन डॉलर वापरू लागले. नोटा होत्या, पण मोड नव्हती; तेव्हा दुकानदार सुट्या पैशांऐवजी गोळ्या, पेन, नाही तर चिठ्ठी देत. आपल्याकडे रुपयाऐवजी चॉकलेट हातावर ठेवणाऱ्याची आठवण व्हावी. अर्जेंटिनात २००१ च्या डिसेंबरात बँकेतून आठवड्याला २५० पेसोच काढता येतील असा हुकूम निघाला. तेथे अदलाबदलीची मंडळे आधीपासून होती. १९९५ मध्ये ब्वेनोस आयरेसजवळ पहिले निघाले होते. आता लाखो माणसे त्यांत शिरली. एकीने पाव आणावा, दुसरीने कपडे शिवून द्यावे, हिशेब मंडळाच्या चिठ्ठ्यांत. वर्षभर या चिठ्ठ्यांवर पुष्कळ घरे जगली. मग चिठ्ठ्या भरमसाट निघाल्या, खोट्याही निघाल्या, आणि विश्वास उडताच मंडळे बसली. मंडळ लहान असते तेव्हा हिशेब डोळ्यांसमोर असतो. ते फुगले की जी बाई आपल्या ओळखीची नाही तिच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवावा लागतो. भिशी वाढवण्याचा उत्साह ज्यांना आहे त्यांनी याचा विचार करावा.

कर्ज हे थांबण्याचे भांडवल आहे का? असेलही आणि नसेलही. दर आठवड्याला हप्ता मागणारे कर्ज माणसाला थांबू देत नाही, उलट पळवते. आंध्र प्रदेशात लहान कर्जे देणाऱ्या कंपन्यांचा इतका सुळसुळाट झाला आणि वसुलीचा जाच इतका वाढला, की २०१० च्या ऑक्टोबरात तेथल्या सरकारला वटहुकूम काढावा लागला. एका घरात तीन-तीन कंपन्यांचे कर्ज. एकीचा हप्ता दुसरीच्या कर्जातून. या उलट साताऱ्याच्या माण तालुक्यात, म्हसवडला, चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक निघाली. प्रवर्तक बायकांचे अंगठे पाहून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला होता. बायका साक्षरतेच्या वर्गाला बसल्या, आणि पुन्हा गेल्या तेव्हा व्याजाचा तोंडी हिशेब साहेबांच्या यंत्राशी लावून पाहायची तयारी दाखवून परवाना घेऊन आल्या. त्या बँकेची माणसे बाजाराच्या दिवशी बाईच्या पाटीपाशी येऊन बचत गोळा करतात. बाईला पाटी सोडून बँकेत जावे लागले तर तेवढा तिचा धंदा बुडतो, हे ज्याला कळले त्याला लहान धंदा कळला असे मी समजते.

आणि आता ज्या संस्थेचे नाव प्रत्येकीच्या ओठावर आले असेल तिच्याविषयी. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापडाची चार पाकिटे लाटली. पुढे तिचे 'लिज्जत' झाले, हे सर्वश्रुत आहे. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपयांची होती. मला आवडतो तो त्या पहिल्या पावसाळ्याचा भाग. ऊन नाही, पापड वाळत नाहीत. चार महिने काम बंद ठेवावे लागले. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी घेतली. खाटेवर पापड, खाली शेगडी, आणि पावसातही काम चालू. यंत्रसामग्रीचा सगळा खर्च तो! पण त्याहून महत्त्वाची गोष्ट तेथल्या पैसे देण्याच्या रीतीत आहे. सकाळी पीठ घरी न्यायचे, लाटून दुसऱ्या दिवशी पापड आणून द्यायचे आणि लाटणावळ तेथल्या तेथे घ्यायची. पापड मुंबईत विकला गेला की लंडनमध्ये, पैसे वसूल झाले की राहिले, उडदाच्या डाळीचा भाव चढला की उतरला, याची वाट लाटणारीने पाहायची नाही. ती वाट संस्था पाहते. माझ्या मते लिज्जतच्या यशाचे मर्म जाहिरातीतल्या सशात नसून येथे आहे. सात बायकांपासून पंचेचाळीस हजारांच्या आसपास बायकांपर्यंत ती गेली, ती थांबण्याचे ओझे एकटीच्या पाठीवरून उचलून सर्वांच्या खांद्यांवर घेतल्यामुळे.

हे ओझे कोणावर टाकायचे याविषयी आपल्या देशात कायदाही आहे. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो लहान कारखाने आहेत. माल आज जातो, पैसे तीन-तीन महिन्यांनी. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाकडून घेतलेल्या मालाचे वा कामाचे पैसे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत दिले पाहिजेत, आणि लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ करून व्याज द्यावे लागते. एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकराच्या हिशेबातही मुदतीत न दिलेली अशी रक्कम खर्च म्हणून धरू देत नाहीत. कायदा कडक आहे. पण ज्याच्याकडे वर्षाचे काम आहे त्या बड्या गिऱ्हाईकाकडे व्याज मागायला कोणता लहान कारखानदार जाईल? म्हणून कायदा असतो आणि लहान कारखानदार थांबलेलाही असतो.

कारखान्यांना नावे ठेवणे सोपे आहे. आता आपल्याकडे पाहू. गंगापूर रोडवर राहणारे आपण लोक खाऊनपिऊन सुखी. मॉलमध्ये बिल मांडले की यंत्रावर कार्ड टेकवतो. तेथे 'पुढच्या आठवड्यात देते' म्हणायची आपली छाती नाही. आणि फॉल लावणाऱ्या बाईला मात्र सुटे नाहीत म्हणून परत पाठवतो. डब्याचे पैसे दहा तारखेचे वीस तारखेला देतो. शिकवणीवाल्या मुलीची फी मे महिन्यात विसरतो. दिवाळीच्या फराळाची मोठी ऑर्डर देतो आणि आगाऊ रक्कम मागितली तर आपल्याला अपमान वाटतो. आपल्या मनात दुष्टावा नसतो. ओळख आहे, घरातली आहे, थोडे थांबेल, असे वाटते. पण ज्यांचे घर त्या पैशावर चालते अशा बायकांकडून आपण बिनव्याजी कर्ज घेत असतो. जिला आपण 'ताई' म्हणतो तिच्याकडून घेतो आणि जो आपल्याला ओळखतही नाही त्या मॉलला रोख देतो, हा हिशेब उलटा आहे.

आता शेवटची आणि मला सर्वांत जास्त बोचणारी गोष्ट. उधारी, भिशी, सोने, कर्ज सगळे संपते तेव्हाही धंदा चालू दिसतो. तो कशावर चालतो? घरातल्या बाईच्या अंगमेहनतीवर. मघाच्या डबेवालीकडे परत जाऊ. अकरा हजार दोनशे पन्नास रुपये ती मिळवते. रोज सहा तास काम धरले तर महिन्याचे दीडशे तास, म्हणजे तासाला पंचाहत्तर रुपये. मुलगी शाळेतून येऊन दोन तास मदत करते, ते धरले तर दोनशे तास. तासाला छप्पन्न रुपये पंचवीस पैसे. तेल महागले आणि डब्यामागचा खर्च पन्नासाचा पंचावन्न झाला, भाव वाढवायची हिंमत झाली नाही, तर महिन्याचे अठराशे पंच्याहत्तर रुपये आणखी गेले; तास तेवढेच राहिले. वहीत हे कोठेच लिहिलेले नसते. 'धंदा टिकला' असे म्हणतात तेव्हा पुष्कळदा मुलीचा अभ्यास, बाईची झोप आणि ताटातले दूध आटलेले असते. परदेशी पाहुणे आणि आपले वक्तेही लहान माणसाच्या चिवटपणाचे फार कौतुक करतात. मला ते कौतुक ऐकवत नाही. अशा रीतीने टिकलेल्या धंद्यापेक्षा वेळेवर बंद केलेला धंदा मी शहाणपणाचा समजते. बाईने धंदा बंद केला की 'हौस फिटली' म्हणतात, आणि पुरुषाने बंद केला की 'बाजार वाईट होता' म्हणतात. बाजार दोघांना एकच असतो.

म्हणून ज्या धंदा करतात त्यांनी वहीत चार रकाने आखावेत. आलेले, गेलेले, लोकांकडे अडकलेले, आणि चौथा आपल्या व घरच्यांच्या तासांचा. तीन महिने तो चौथा रकाना प्रामाणिकपणे भरा. त्यावरून भाव वाढवायचा, गिऱ्हाईके कमी करायची, पदार्थ बदलायचा की काम सोडायचे ते ठरवता येईल. चार-पाच डबेवाल्यांनी एकत्र येऊन किराणा घाऊक आणला, तर डब्यामागे दोन-तीन रुपये सुटायला हरकत नाही. मंडळाने मनावर घेतले तर येत्या वर्षी एवढे होण्यासारखे आहे. त्यासाठी ठराव करण्याची गरज नाही, एक तराजू आणि एक कोरडी खोली पुरे.

व्याख्यान संपल्यावर एका भगिनीने विचारले, 'शेजारणीकडे पैसे मागायचे कसे? तोंड उघडवत नाही.' तिला मी सांगितले ते येथेही लिहिते. तोंड उघडू नये. एक तारखेला सर्वांना सारखे बिल द्यावे. छापील असले तर उत्तम, नसले तर वहीच्या पानावर. तारीख, डबे किती, रक्कम किती, आणि खाली 'पाच तारखेपर्यंत' एवढेच शब्द. जी शेजारीण नेहमी वेळेवर देते तिलाही द्यावे, म्हणजे जी देत नाही तिला वेगळे काही वाटत नाही. त्यावर त्या म्हणाल्या, 'माझी जाऊसुद्धा डबा घेते.' मी म्हटले, जावेलाही.